जुन्या स्ट्रिप्स वाचकांसमोर मांडायच्या कशा

२०१२ साली बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या माडीवर बसून मी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर टाकायचं कॉमिक, काढायला लागले, तेव्हा माझ्याकडं एक आखीव वही, एक काळं जेल पेन आणि भावाचा स्कॅनर एवढंच होतं. पात्रं दोनच. एक खेड्यातली आजी आणि एक तिच्या बसचा कंडक्टर. आजी मराठीत बोलायची, कंडक्टर कन्नडात, आणि दोघांचं भांडण एकही शब्द न अडता व्हायचं. आठ वर्षांत दोनशेच्या वर स्ट्रिप्स, म्हणजे चौकटीचौकटींच्या छोट्या चित्रकथा, झाल्या. मग नोकरी, संसार, आणि वही कपाटात गेली.

पुढं जुन्या वाचकांनीच टुमणं लावलं, "ताई, एकदा बसूया की सगळी मिळून." दोनदा बसलो. पहिली बैठक साफ पडली, दुसरी जमली. दोन्ही वेळच्या चुकांतून जी पद्धत हाताशी आली ती इथं लिहिते आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही कुणी मराठीत कॉमिक काढत असेल आणि जुन्या स्ट्रिप्स वाचकांसोबत पुन्हा उघडाव्या असं वाटत असेल, तर त्यानं आपल्या सोयीनं वापरावी.

एक अट मात्र आधीच सांगते. जुनी स्ट्रिप दुरुस्त करायला बसू नका. वाकडा हात, चुकलेली वेलांटी, बसला लावलेली पाच चाकं, सगळं राहू द्या. तुम्हाला त्यात स्वतःचा कच्चा हात दिसतो. वाचकाला ती कुठं वाचली, कुणाला दाखवली ते आठवतं. तुम्ही चाक पुसलंत की त्याची आठवण लटकायची खुंटीच गेली.

तसं आपली जुनी चित्रं घेऊन लोकांसमोर उभं राहणं इंटरनेटनं आणलेलं नाही. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस आपल्याच जिल्ह्यातल्या भोज गावचे, जन्म १९२५ चा. त्यांचं ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन आणि चित्रं दाखवत रंगवलेला ‘चित्रहास’ हा कार्यक्रम जुन्या मंडळींच्या चांगला लक्षात आहे. पण त्यांच्या कितीतरी चित्रांना शब्दच नसतात, म्हणून ती शिळी होत नाहीत. आपलं तसं नाही. वेबकॉमिक त्या आठवड्याच्या बातमीवर, तिकिटाच्या दरावर, एखाद्या चालू शब्दावर उभं असतं. दहा वर्षांत खालची जमीन सरकते आणि विनोद अधांतरी राहतो. परदेशातल्या वेबकॉमिकवाल्यांनी यावर दोन वाटा काढल्या. ‘पेनी आर्केड’ १९९८ पासून चालू आहे. त्याचे छापील संग्रह निघाले तेव्हा स्ट्रिप्सखाली कर्त्यांनी स्वतःच्या टिपा लिहिल्या. २००५ साली सुरू झालेल्या ‘एक्सकेसीडी’च्या बाबतीत उलटं झालं. तिथं वाचकांनीच एकेका स्ट्रिपचा अर्थ लावणारा वेगळा विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट, उभा केला. आपल्याला दोन्हींची मिसळ करायची आहे. टिपा आपण लिहायच्या, पण वाचकांना विचारून.

आधी शोधाशोध

बैठक ठरवण्याआधी निदान दोन महिने हातात ठेवा. जुनं काम एका जागी कधीच नसतं. माझं निम्मं फेसबुकवर, थोडं इन्स्टाग्रामवर, काही सीडींवर, आणि सुरुवातीचं सगळं कागदावर होतं. ज्यांनी ऑर्कुटवर चित्रं टाकली त्यांचं ते ३० सप्टेंबर २०१४ ला ती साइट बंद झाली तेव्हा गेलं. गुगल प्लसवाल्यांचं २ एप्रिल २०१९ ला. कुणी फ्लॅशमध्ये हलती कॉमिक्स केली असतील, तर अडोबीनं फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला, त्यामुळं ती साध्या ब्राउझरमध्ये आता उघडत नाहीत. स्वतःची वेबसाइट होती आणि डोमेनचे पैसे भरायचे राहिले, अशांनी वेबॅक मशीन या जुन्या वेबसाइट साठवून ठेवणाऱ्या साइटवर आपला जुना पत्ता टाकून बघावा. पानं बऱ्याचदा सापडतात. चित्रं सापडतीलच असं नाही, पण तारखा आणि शीर्षकं मिळाली तरी पुढचं काम निम्मं होतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचं काम एकेक करून सेव्ह करत बसू नका. दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये स्वतःची सगळी माहिती एकदम उतरवून घेण्याची सोय आहे. तिथं चित्रांचा दर्जा विचारतात, तो सगळ्यात वरचा निवडा. मात्र तुमच्या पोस्टखाली लोकांनी जे लिहिलं ते त्यात धड मिळत नाही. ते वेगळं, स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण बैठकीत मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. २०१५ च्या एका स्ट्रिपखाली एकानं लिहिलं होतं, "आमची आज्जी पण अशीच, पिशवीला सीट धरती." तो गृहस्थ समोर बसला होता आणि आपण असं काही लिहिलं होतं हे तो साफ विसरला होता.

कागदावरचं काम पावसाळ्याआधी बाहेर काढा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनासुद्धा वास येतो, वह्यांचं काय घेऊन बसलात. कागद सर्द असेल तर एक-दोन दिवस पंख्याखाली, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवा. उन्हात नको. आणि टिकावं म्हणून कुणी लॅमिनेशन सुचवलं तर हसून सोडून द्या, ते पुन्हा निघत नाही. स्केचपेननं रंगवलेल्या स्ट्रिप्स सगळ्यात आधी स्कॅन करा, कारण तो रंग सगळ्यात लवकर उडतो. नुसत्या काळ्या रेघांचं काम ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत ३०० ला. जतन करताना टिफ किंवा पीएनजी. जेपेगमध्ये रेघेभोवती मळकट ठिपके येतात आणि पुढं छापताना तेच डोळ्यात भरतात. खालची पेन्सिल दिसत असेल तर पुसू नका. वाचकांना पेन्सिल फार आवडते, हे मला उशिरा कळलं.

माझ्या वहीत स्ट्रिपशेजारी त्या दिवसाचं बसचं तिकीट चिकटवायची सवय होती. आता ती सगळी तिकिटं कोरी पांढरी आहेत, कारण मशिनमधून येणारी तिकिटं उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर असतात आणि काही वर्षांत उडून जातात. असं काही तुमच्याकडं अजून वाचण्याजोगं असेल तर आजच मोबाइलनं फोटो काढा.

मग फॉन्ट. संवाद हातानं लिहिले असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. संगणकावर टाइप केले असतील आणि काळ युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या मराठी टंकलेखनाच्या, आधीचा असेल, श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांपैकी काही वापरलं असेल, तर जुनी फोटोशॉप फाइल नव्या संगणकावर उघडून मजकुराला हात लावताच फुग्यांमध्ये इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फक्त तो फॉन्ट त्या संगणकावर नसतो. जुन्या डीटीपीवाल्याकडं जा. खडेबाजाराच्या आसपास ज्यांनी वर्षानुवर्षं लग्नपत्रिका केल्या त्यांच्याकडं हे फॉन्ट अजून सापडतात. तिथंच फाइल उघडून, मजकुरासकट चित्र सपाट करून पीएनजी काढून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

फाइलींना नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग क्रमांक. म्हणजे संगणक आपोआप ओळीत लावतो. ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘खरंच फायनल’ ही माझी पद्धत होती, ती घेऊ नका. सगळ्याच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. माझी एक हार्डडिस्क मावशीकडं गोकाकला आहे, लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या वर.

एकट्यानं एकदा वाचा

वाचकांआधी स्वतः सगळं सलग वाचायचं. एका बसण्यात नको, जीव नकोसा होतो. मी रोज वीस स्ट्रिप्स घेतल्या आणि एका वहीत प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहिल्या: तारीख, त्या आठवड्यात काय चाललं होतं, विनोद नेमका कशावर आहे, आणि आज तो कुणाला कळणार नाही.

शेवटचा रकाना भरताना खरी गंमत येते. माझ्या कमीत कमी पंचवीस स्ट्रिप्स सुट्ट्या पैशांवर आहेत. कंडक्टर तिकिटाच्या मागं उरलेले पैसे लिहून देतो, आजी उतरताना मागायला विसरते आणि पुढच्या सात स्ट्रिप्स तिचा त्या तीन रुपयांसाठी लढा. त्या काळी लोक पोट धरून हसले. मग ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना आली आणि राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. आता कॉलेजच्या पोरी आजीचं ते भांडण बघतात आणि विचारतात, "पण आजी तिकीट का काढूलीया?" म्हणजे का काढतेय. रास्त प्रश्न आहे. त्याच वर्षी १७ मार्चपासून महाराष्ट्रात एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं. म्हणजे आज माझी आजी महाराष्ट्रातल्या चंदगडहून एसटीनं आली तर तिला हद्दीपर्यंत अर्धं तिकीट, आणि आपल्या कर्नाटकच्या बसमध्ये चढली तर कंडक्टर आधी आधारकार्डावरचं राज्य बघणार. ही स्ट्रिप मी अजून काढलेली नाही, कुणी ढापू नये.

तारखा पक्क्या करायला चित्रातल्याच खुणा कामाला येतात. बसच्या पाटीवर गावाचं इंग्रजी नाव बेलगाम असेल तर ती १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीची धरायला हरकत नाही, त्या दिवसापासून सरकारदरबारी बेळगावी झालं. एटीएमची रांग म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचे आठवडे. पाण्यात बुडालेला पूल म्हणजे बहुतेक ऑगस्ट २०१९ चा महापूर. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आजीकडं कोरोनाचा रिपोर्ट मागतात आणि ती डोळ्यांच्या ऑपरेशनचा कागद दाखवते, ही २०२१ ची, वही बंद केल्यावर चुकून काढलेली एकुलती एक. फक्त पाटीबाबत सावध राहा. नाव बदललं तरी आपण काढणारे सवयीनं जुनंच लिहीत राहतो. माझ्या २०१६ च्या एका बसवरसुद्धा बेलगामच आहे.

या वाचनात लाज वाटेल. वाटू द्या. अमेरिकेतल्या हॉवर्ड टेलरनं ‘श्लॉक मर्सिनरी’ हे वेबकॉमिक १२ जून २००० ते २४ जुलै २०२० असं वीस वर्षं एकही दिवस न चुकवता काढलं. त्याचं पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं तर एकाच माणसाचं काम आहे हे सांगावं लागतं. पण ती पहिली पानं त्यानं हटवली नाहीत, नवा वाचक तिथूनच आत शिरू शकतो. एखादी स्ट्रिप नव्यानं काढायची हौस आली तर जरूर काढा, फक्त जुनीच्या शेजारी ठेवा, तिच्या जागी नको.

वाचकांना काय विचारायचं

"तुमची आवडती स्ट्रिप कोणती?" असं मी पहिल्यांदा विचारलं आणि सगळ्यांनी त्याच चार-पाच गाजलेल्या सांगितल्या. दुसऱ्या वेळी विचारलं, "न बघता, नुसती आठवून एक स्ट्रिप लिहून पाठवा." व्हॉट्सॲपवर जे आलं ते अजून माझ्याकडं जपून ठेवलंय. लोकांना ज्या स्ट्रिप्स आठवतात त्यातल्या काही मी काढलेल्याच नाहीत. दोन वेगवेगळ्या स्ट्रिप्स एकत्र झालेल्या, कंडक्टरचं वाक्य आजीच्या तोंडी गेलेलं, शेवटची चौकट बदललेली, आणि दोन-तीनदा तर माझ्यापेक्षा बरी झालेली. ही आठवण दुरुस्त करून परत पाठवू नका. तशीच छापून घ्या आणि बैठकीत मूळ स्ट्रिपच्या आधी वाचून दाखवा. पहिला हशा तिथंच पिकतो.

हरवलेल्या स्ट्रिप्सही याच वेळी मागा. माझी ४१ नंबरची कुठंच नव्हती, ना वहीत, ना फेसबुकवर. क्रमांकांची यादी टाकली आणि लिहिलं, यातलं काही कुणाच्या जुन्या फोनमध्ये आहे का. येळ्ळूरच्या एका वाचकानं फुटक्या काचेच्या मोबाइलचा दुसऱ्या मोबाइलनं काढलेला फोटो पाठवला. आजीच्या कपाळावरून भेग गेली आहे, पण संवाद वाचता येतात. चित्रं मागवताना एवढं सांगा की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप चित्र लहान करून टाकतं.

दिवस आणि जागा

इथं आपल्या भागाची काही पथ्यं आहेत, बाहेरचा कुणी सांगणार नाही. १ नोव्हेंबरच्या आसपास काही ठेवू नका. एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, एकीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, हॉल मिळत नाही आणि मिळाला तरी माणसं मोकळ्या मनानं येत नाहीत. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात असतं, त्या दिवसांत रस्ते आणि पोलीस दोन्ही गुंतलेले. गणपतीत विचारूच नका. मला जानेवारीतला रविवार सोयीचा वाटला, दुपारी अडीच ते साडेपाच. साडेपाचलाच संपवायचं, कारण गावाकडच्या लोकांना पुढची गाडी धरायची असते. ती चुकली तर वस्तीच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून राहावं लागतं, आणि असा वाचक पुढच्या वर्षी येत नाही.

थंडीत कडोली, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा, येळ्ळूर या गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात. स्वतंत्र कार्यक्रमाची ऐपत नसेल तर तिथल्या संयोजकांना भेटून अर्धा तास मागा. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सुचवेन. मांडव, माइक, माणसं सगळं तयार असतं. फक्त तुमचा अर्धा तास परिसंवाद आणि कविसंमेलनाच्या मध्ये अडकू देऊ नका. सकाळी ग्रंथदिंडी आल्यावर लगेचची वेळ चांगली.

हॉल छोटाच घ्या. चाळीस माणसांना साठ खुर्च्यांची खोली. मोठ्या हॉलमध्ये लोक मागं बसतात आणि मागं बसलेला माणूस बोलत नाही. माझ्या पहिल्या बैठकीत तीनशेचा हॉल होता, बत्तीस माणसं होती, आणि प्रोजेक्टर चालू झाल्यावर वीसच मिनिटांनी वीज गेली. दुसऱ्या वेळी निवडलेल्या सगळ्या स्ट्रिप्स ए-थ्री कागदावर छापून दोरीला चिमट्यांनी लावल्या होत्या. वीज गेली असती तरी कार्यक्रम अडला नसता, आणि गेली नाही तरी चहाच्या वेळी सगळी गर्दी त्या दोरीपाशीच होती. आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत स्वतः बसून फुग्यातली अक्षरं वाचून बघा. वाचता आली नाहीत तर एका वेळी एकच चौकट पडद्यावर आणा.

फलकावर एक ओळ कन्नडात घाला. माझे बरेच वाचक घरी कन्नड बोलतात, मराठी वाचतात, आणि ‘आपल्याला बोलावलंय का’ हे त्यांना त्या एका ओळीतून कळतं.

प्रत्यक्ष बैठक

पहिल्या वेळी मी साठ स्ट्रिप्स निवडल्या होत्या. लग्नाचा अल्बम दाखवायला बसलेल्या मावशीसारखी माझी गत झाली. लोक सौजन्यानं माना हलवत होते. दुसऱ्या वेळी चौदा घेतल्या आणि दोन तास पुरले नाहीत. म्हणजे एका स्ट्रिपला निदान नऊ मिनिटं धरा.

क्रम असा ठेवा. आधी वाचकाची आठवण वाचायची. मग मूळ स्ट्रिप दाखवायची आणि वीस-पंचवीस सेकंद गप्प बसायचं. हे गप्प बसणं अवघड आहे, मी मनातल्या मनात पाढे म्हणते. मग वाचकांना बोलू द्यायचं, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही, तेही दोन मिनिटं. तुम्ही आधी बोललात की तुमचाच अर्थ खरा ठरतो आणि बाकीचे तोंड मिटतात. तुमच्याकडं कच्चं चित्र असेल तर ते इथं दाखवा. आजीच्या पिशवीत आधी कोंबडी होती, मग मी ती काढून कोथिंबीर घातली, एवढ्यावर आमच्याकडं पाऊण तास चर्चा झाली. एका काकांचं म्हणणं, "कोंबडी काढलीस ते चुकलीस बघ." कदाचित चुकलेही असेन.

संवाद स्वतः वाचू नका. पात्रं वाटून द्या. आजीचं काम बेळगावच्या तोंडाच्या बाईला द्यायचं, जिला "काय करूलास?" म्हणताना विचार करावा लागत नाही. कंडक्टर खरोखर कन्नड येणाऱ्या माणसाला. आमच्याकडं "हिंदक्क होग्री, हिंदक्क होग्री" म्हणताना त्या माणसानं असा आवाज लावला की पुढच्या रांगेतले दोघे खरंच मागं सरकले.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा आणि ज्यांना आवाज नको त्यांना हात वर करायला लावा. शेजारी एक लिहून घेणारा बसवा. फोनचं रेकॉर्डिंग हशात बुडतं. कोण काय बोललं ते वहीतच मिळतं.

खायला कुंदा ठेवलात तर चमचे ठेवा आणि ए-थ्रीची दोरी त्या टेबलापासून लांब बांधा.

फसलेल्या विनोदाचं काय करायचं

चौदांत एक तरी अशी स्ट्रिप मुद्दाम घ्या, जी आज काढली नसती. लोक टाळतात, मीही टाळणार होते. माझ्या २०१३ च्या एका स्ट्रिपमध्ये कंडक्टर मराठी बोलायला जातो आणि ‘ती आला’, ‘तो गेली’ करतो. सगळा विनोद तेवढाच. त्या वेळी ती सगळ्यात जास्त फिरली होती. बैठकीत ती पडद्यावर आली, हशाही झाला. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. आयुष्यभर बसवर नोकरी केलेले, घरची भाषा कन्नड. ते म्हणाले, "ताई, तो तुमची भाषा बोलायला बघत होता. आजीनं आठ वर्षांत त्याचा एक शब्द तरी बोलला काय?"

मी मनात दोनशे स्ट्रिप्स चाळल्या. आजीला कन्नड सगळं कळतं, पण ती एकदाही बोलत नाही. हे मला काढताना कधी दिसलंच नव्हतं.

अशा वेळी काय करायचं ते सांगते. ‘तेव्हा वातावरण वेगळं होतं’ हे वाक्य गिळा. सीमाभागात तर गिळाच. भाषेवरून इथं प्रत्येक घरात काहीतरी सोसलेलं आहे, दोन्हीकडं, आणि ते वाक्य ऐकायला कुणी आलेलं नसतं. लांबलचक माफीही नको, कारण मग सगळी खोली तुमचंच सांत्वन करायला लागते आणि बोलणारा माणूस बाजूला पडतो. मी एवढंच म्हटलं की हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्यांना विचारलं की त्यांच्या नोकरीत लोक त्यांच्या मराठीवर हसायचे का. ते दहा मिनिटं बोलले. त्यातलं बरंच मी इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. स्ट्रिप मी हटवली नाही. हटवली असती तर त्यांचा प्रश्नही तिच्याबरोबर गेला असता. आता ती जिथं जिथं आहे तिथं खाली त्यांचं वाक्य आहे, त्यांच्या परवानगीनं, आणि नाव नको म्हणाले म्हणून नावाशिवाय.

सगळ्याच स्ट्रिप्सना हा न्याय लावता येत नाही. एखाद्या खऱ्या, ओळखू येणाऱ्या खाजगी माणसाची चेष्टा असेल, शेजारी, शिक्षक, नातेवाईक, तर ती बैठकीत आणूच नका. बैठकीनंतर काढायच्या पुस्तिकेतही नको. तिथं जतन करण्यापेक्षा त्या माणसाचं घर महत्त्वाचं.

पुस्तिका

बैठकीनंतर पंधरा दिवसांच्या आत टिपा लिहून काढा, नंतर सगळं एकमेकांत मिसळतं. एका स्ट्रिपखाली साठ-सत्तर शब्द पुरे: तारीख, तेव्हा काय चाललं होतं, वाचकाची आठवण, आणि गरज असेल तर शब्दाचा अर्थ. पुण्याकडच्या वाचकाला ‘करूलास’ कळत नाही, आणि त्याला ते कळावं म्हणून फुग्यातला शब्द बदलू नका. अर्थ खाली द्या.

छापायच्या आधी आकाराचं गणित करा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. इन्स्टाग्रामसाठी केलेलं १०८० ठिपके रुंदीचं चित्र म्हणून कागदावर ३.६ इंच, म्हणजे जेमतेम नऊ सेंटिमीटर होतं. फेसबुकवरून उतरवलेलं ७२० चं सहा सेंटिमीटर. त्याहून मोठं छापलंत तर रेघा दातेरी दिसतात. म्हणून शोधाशोधीत मूळ कागद सापडणं इतकं महत्त्वाचं. ज्यांचा कागद नाही त्या स्ट्रिप्स लहानच छापा आणि टीप मोठी करा. माझी भेग पडलेली ४१ नंबरची काडेपेटीएवढी आहे आणि तिच्याभोवतीचं पान रिकामं सोडलंय.

पिन मारायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, बत्तीस हा सोयीचा आकडा. मुखपृष्ठ वेगळं धरायचं का ते छापखान्यात आधीच विचारा. स्ट्रिप्स आधी कुठल्या वर्तमानपत्रात किंवा दिवाळी अंकात आल्या असतील तर त्या वेळी काय लिहून दिलं होतं ते शोधा. फुटकळ मानधनावर, हक्क लिहून न देता दिलेलं चित्र सहसा तुमचंच राहतं. नोकरीत असताना काढलेल्याचं तसं नाही, तिथं जाणकाराला विचारून घ्या. वाचकांची वाक्यं घेतलीत त्या प्रत्येकाला ते पान पाठवून होकार घ्या. लेखी, म्हणजे व्हॉट्सॲपवर चालेल.

आणि मुद्रितशोधन. माझ्या पहिल्या प्रुफात सगळी आजी शुद्ध मराठी बोलत होती. डीटीपी करणाऱ्या मुलीनं चांगल्या मनानं ‘करूलास’चं ‘करतोयस’ केलं होतं, ‘बस की’चं ‘बस ना’, आणि कंडक्टरच्या ‘होग्री’ला चूक समजून त्याचं ‘होगरी’. बत्तीस पानांत चव्वेचाळीस ठिकाणी. तिला मी हे तोंडी सांगितलं होतं. म्हणून फाइलीबरोबर एक छापील यादी द्या: हे शब्द जसे आहेत तसेच ठेवायचे. आणि दुसरं प्रूफ पुण्या-मुंबईच्या कुणाला दाखवू नका, गल्लीतल्याच एखाद्या आजीला मोठ्यानं वाचायला द्या. ती जिथं अडखळेल तिथं चूक आहे.